रथाच्या वाटेवर बसायला जागा

मी काम करते त्या औषधांच्या दुकानात काउंटरसमोर दोन खुर्च्या आहेत. चिठ्ठी दिली की औषधं बांधून होईपर्यंत बसायला म्हणून ठेवलेल्या. पण दिवसभरात तिथे बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे चिठ्ठीच नसते. दुकान इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या ड्रेक स्ट्रीटवर आहे. स्टेशनकडून गावात उतरणारा हा रस्ता परत चढताना म्हाताऱ्या माणसांना दम लागतो. कुणाची ट्राम चुकलेली असते, कुणाच्या घरात दिवसभर बोलायला कुणी नसतं. एक आजोबा तर कितीतरी वर्षं रोज साडेअकराला येत. साठच्या दशकात पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरहून इथल्या गिरणीत कामाला आलेले. "बेटी, पाच मिनट," म्हणायचे आणि अर्धा तास बसायचे. मी त्यांना कधी उठवलं नाही.

हे आज लिहायचं कारण घरच्या ग्रुपवर आलेलं एक चित्र. भाच्याने टाकलं होतं. त्यात जळगावचा आमचा जुना बाजार पाडून टाकलेला. सुभाष चौकापासून घाणेकर चौकापर्यंत काचेच्या इमारती, खाली शोरूम, वर फ्लॅट, मधोमध कारंजं, एका गच्चीवर पोहण्याचा तलाव. संगणकाने काढलेलं चित्र, पण खाली त्याने अगदी मनापासून लिहिलं होतं, "आत्या, तुमच्याकडे गावं बदलतात. आपलं का बदलत नाही?"

मग दोन दिवस ग्रुपवर तेच. भाऊ म्हणाला, पाडल्याशिवाय काही होणार नाही. गाडी लावायला जागा नाही, रुग्णवाहिका आत शिरत नाही, आग लागली तर बंब कुठून नेणार? मामाचं दाणा बाजारात आयुष्य गेलं. त्याने एवढंच लिहिलं, "एकदा पाडलं की परत जागा कोणाला मिळते ते आम्ही पाहिलंय." निवडणुका जवळ आल्या की जळगावात हा वाद दर वेळी नव्याने सुरू होतो आणि दर वेळी याच दोन टोकांवर थांबतो. मामीला टाइप करता येत नाही. ती अमळनेरकडची, बोलणं अजून अहिराणीच. तिने आवाज पाठवला: "चित्र चांगलं शे. पन त्यामा बसाले जागा कोठे शे?"

मी ते चित्र परत उघडून मोठं करून पाहिलं. खरंच नव्हती. कारंज्याभोवती तरुण माणसं हातात पिशव्या घेऊन चालत होती. बसलेलं कुणीच नव्हतं.

भाच्याला उत्तर द्यायचं म्हणून लिहायला घेतलं आणि ते ग्रुपवर मावेना.

रॉचडेल हे मँचेस्टरच्या उत्तरेचं गिरणीगाव. आजूबाजूची छोटी गावं धरून सव्वादोन लाखांच्या आसपास वस्ती. २०११ च्या जनगणनेत एकट्या जळगाव शहराची ४ लाख ६० हजार होती, म्हणजे आपण मोठे. आपलं आणि या भागाचं नातं जुनं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि इथे कामगारांच्या घरांत चुली पेटेनात. त्याच वर्षांत खान्देशच्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला. रेल्वे नुकतीच आलेली होती. जळगाव बाजारपेठ म्हणून वर आलं ते या कापसावर. हिंदुस्थानातून येणाऱ्या आखूड धाग्याच्या सगळ्याच कापसाला इथे 'सुरत' म्हणत. त्या गठ्ठ्यांत आमच्याकडचा कापूस किती होता कोण जाणे, पण इथल्या जुन्या गिरणीच्या भिंतीजवळून जाताना मला तो आठवतो. पुढे जळगावातही खान्देश मिल उभी राहिली, चालली आणि बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे. रॉचडेलच्या गिरण्यांचंही तेच झालं. कापसाने वर आणलेली गावं कापूस गेल्यावर काय करतात, हा प्रश्न दोघांनाही सारखाच आहे.

मी आले तेव्हा गावाच्या मध्यभागी एक काळपट, चौकोनी सरकारी इमारत होती. लोक तिला 'ब्लॅक बॉक्स' म्हणत. शेजारी बसस्थानक, पुढे रुंद डांबरी मैदानासारखा रस्ता. पहिले कित्येक महिने मला पत्ताच नव्हता की त्या डांबराखाली नदी आहे. गावाच्या मधून वाहणारी रॉच नदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने झाकून टाकलेली होती. वाहतूक वाढली, नदीला गिरण्यांचा वास यायचा, झाकून टाकणं त्या काळाला शहाणपणाचं वाटलं.

२०१३ साली नगरपालिकेची नवी इमारत झाली आणि तिच्यात तळाशी गावाचं वाचनालय आलं. २०१४ साली ट्राम गावात पोहोचली, ब्लॅक बॉक्स पाडला गेला. मग नदी उघडायचं काम निघालं. जेवणाच्या सुटीत मी डबा घेऊन तिथे जाऊन उभी राहायची. क्रेनने काँक्रीटच्या तुळया एकेक करून उचलल्या जायच्या आणि खाली अंधारात वाहणाऱ्या पाण्यावर पहिल्यांदा उजेड पडायचा. शंभर वर्षं कुणी न पाहिलेला मध्ययुगातला दगडी पूल बाहेर आला. माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई रडत होती. तिची आजी त्या पुलाबद्दल सांगायची म्हणे. काम चालू असतानाच २०१५ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी पूर आला, मध्यवस्तीत पाणी शिरलं. त्यानंतर नदी का उघडायची, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. झाकलेल्या नदीला फुगायला जागा नसते. २०१६ मध्ये काम पुरं झालं.

त्यानंतर २०२० साली, ऐन साथीच्या काळात, नदीशेजारी दुकानं आणि सिनेमागृह सुरू झालं. त्याला लागून दोनशेहून अधिक फ्लॅट उभे राहिले. १८७१ सालचा टाउन हॉल दुरुस्त होऊन २०२४ मध्ये पुन्हा लोकांना खुला झाला. भाच्या, तू म्हणतोस ते गाव बदलणं हे असं. अकरा-बारा वर्षं चाललेलं.

या सगळ्यातलं गावाला काय लागलं, हे मी रोज जाता-येता पाहते. सर्वांत जास्त गर्दी असते ती वाचनालयात. तिथे उबदार असतं, संडास स्वच्छ असतो, पोरांना अभ्यासाला टेबलं असतात आणि आत शिरायला काही विकत घ्यावं लागत नाही. दुसरी गर्दी नदीच्या कठड्याशी, दगडी बाकांवर. उन्हाचा एक तास मिळाला तरी बाकं भरतात. साडेअकराला येणारे माझे आजोबा बाकं झाल्यावर तिकडे बसायला लागले. आमच्या दुकानाची खुर्ची मोकळी झाली आणि मला बरं वाटलं. सिनेमागृहात शनिवारी माणसं असतात. मंगळवारी दुपारी तिथे जाऊन बघ.

जे बिघडलं तेही सांगायला हवं, कारण ते त्या चमकदार चित्रात येत नाही. ट्रामचे रूळ टाकायला आमचा रस्ता खणला होता. मी तेव्हा नवी. धुळीत, पत्र्याच्या आडोशातून गिऱ्हाईक यायचं बंद झालं. आमचं औषधांचं दुकान म्हणून तगलं, पण शेजारचे दोन-तीन परत उघडलेच नाहीत. नव्या भागात आलेली काही दुकानं जुन्याच रस्त्यावरून उठून गेलेली होती, त्यामुळे इकडे फळ्या लागल्या. नवे फ्लॅट झाले, पण त्याच सुमारास, २०१७ मध्ये, मध्यवस्तीला लागून असलेल्या, साठच्या दशकातल्या सात उंच इमारतींपैकी चार पाडायचा प्रस्ताव आला. 'सेव्हन सिस्टर्स' म्हणतात त्यांना. तिथल्या भाडेकरूंनी विरोध केला, वर्षानुवर्षं केला. आमच्या दुकानात औषध न्यायला येणारी एक बाई मला म्हणाली, "नदी उघडली ते छान, पण माझी खिडकी गेली तर मी ती बघणार कुठून?"

आणि डिसेंबर २०२० मध्ये याच गावातल्या एका भाड्याच्या घरात दोन वर्षांचं एक बाळ गेलं. सुदानहून आलेलं कुटुंब. भिंतींवर बुरशी, बापाने तक्रारी केलेल्या. चौकशीत मृत्यूचं कारण बुरशीच ठरलं. त्या बाळाच्या नावाने आज इंग्लंडमध्ये कायदा आहे, अवाबचा कायदा: ओल आणि बुरशीची दखल सामाजिक भाडेघरांच्या मालक संस्थांना ठरावीक मुदतीत घ्यावीच लागते. नवं सिनेमागृह उघडलं त्याच वर्षी हे घडलं. मी दोन मुलांची आई आहे. मला ते वर्ष नव्या दुकानांचं म्हणून आठवत नाही.

म्हणून कुणी म्हणालं की परदेशात गावं कशी सुधारतात ते बघा, तर मी म्हणते, नीट बघा. मध्यवस्तीत पैसा ओतला जातो तेव्हा सर्वांत जवळ राहणाऱ्या, सर्वांत जुन्या माणसाला काय मिळतं, तिथे बघा.

आता आपल्या बाजाराकडे येते.

मामाचं घर रथ चौकापासून दोन मिनिटांवर. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे छोटा चौक आणि त्यात पाण्याची टाकी. दुकान आता भाड्याने दिलंय. दाराशी दीड हात रुंदीचा ओटा, काळ्या दगडाचा, बसून बसून मधोमध खोलगट झालेला. मामी संध्याकाळी तिथे बसते, लसूण सोलते, आणि रस्त्याने जाणाऱ्या निम्म्या माणसांना नावाने ओळखते. आता त्या ओट्याच्या पुढे दोन मोटारसायकली कायम लावलेल्या असतात, त्यामुळे तिला रस्ता दिसतो तो हँडलच्या मधून. शेजारची तीन घरं बंद. एकात पोरं पुण्याला, एकात भावांचा दावा, एक गोदाम झालंय. वरच्या मजल्यांवर कबुतरं.

ज्या गोष्टीसाठी रॉचडेलला कोट्यवधी पौंड लागले, ती म्हणजे गावाच्या मध्यभागी, दुकानांच्या वर, माणसांनी राहणं. इथल्या नगरपालिकेची माणसं सभेत सांगतात की रात्री गाव ओस पडतं, म्हणून दुकानांच्या वर घरं हवीत. मी तिथे बसून मामाच्या घराचा विचार करते. आमच्याकडे ते होतं. अजून थोडं आहे. बोहरा गल्लीत, चौधरी वाड्याकडे, भिलपुऱ्यात, खाली धंदा आणि वर संसार असलेली घरं अजून उभी आहेत. बहिणाबाईंचा वाडा तर स्मारक म्हणून जपलेला आहे, त्याच गल्ल्यांमध्ये. त्याच्या आजूबाजूच्या वाड्यांचं काय करायचं, ते कुणी ठरवलेलं नाही. ते वाट बघत पडतायत.

भाऊ म्हणतो त्यात खोटं काही नाही. रुग्णवाहिका शिरत नाही हे मी स्वतः भोगलंय. जळगावात आमच्या आजोबांना छातीत कळ आली तेव्हा आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. पण गल्ली तेव्हाही तेवढीच होती जेवढी आज आहे. रस्ता अडला होता तो दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी आणि दुकानाबाहेर आलेल्या मालाने. आणि गाड्या रस्त्यावर का, तर व्यापारी संकुलांत ज्या तळघरांत त्या लावायच्या, तिथे दुकानं आणि गोदामं झाली. घरं पाडून हा प्रश्न सुटत नाही.

गल्लीत किती जागा आहे हे बघायचं असेल तर कार्तिकी एकादशीला बघावं. १८७२ पासून, आप्पा महाराजांच्या काळापासून, श्रीरामाचा रथ निघतो. तो लाकडी रथ, फुलांनी आणि केळीच्या खांबांनी मढवलेला, हजारो माणसं ओढतात. उतार आला, वळण आलं की चाकाखाली मोगरी लावणारे वाकतात. लाकडाची ती पाचर नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात चाकाखाली सारायची, आणि हात काढून घ्यायचा. लहानपणी मी मामाच्या खांद्यावरून ते बघायची आणि प्रत्येक वेळी श्वास रोखून धरायची. एवढा रथ जातो कुठून? रथ चौक, बोहरा गल्ली, सुभाष चौक, दाणा बाजार, शिवाजी रोड, घाणेकर चौक. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, तिथे मान होतो आणि मग पुढे जातो. ज्या गल्लीत रोज रुग्णवाहिका अडते त्याच गल्लीतून.

त्या दिवशी मोटारसायकली नसतात. दुकानाबाहेरचा माल आत गेलेला असतो, छपरांचे पत्रे वर घेतलेले असतात. बायका घरातून पाट, सतरंज्या, खुर्च्या आणून रस्त्यावर मांडतात. वर्षातल्या त्या एका दिवशी आमचा बाजार कुणालाही लाजवील असा होतो. ती मोकळी जागा आम्ही वर्षातून एकदा करून दाखवतो, दीडशे वर्षांहून अधिक काळ, पोलिसांच्या आणि व्यापाऱ्यांच्या आणि सगळ्या धर्मांच्या मदतीने. उरलेले दिवस ती करायची ठरवली तर काय अडतं, यावर मला बोलायचं आहे.

अडतो तो विश्वास, आणि त्याला कारणं आहेत. मामा उगाच घाबरत नाही. जळगावात लोकांना घरं द्यायची म्हणून घरकुल योजना निघाली, तिचं काय झालं ते राज्याला ठाऊक आहे. २०१९ साली धुळ्याच्या न्यायालयाने त्या २९ कोटींच्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे वरच्या न्यायालयात काय व्हायचं ते होईल, पण 'मध्यवस्तीत नवी घरं' हे शब्द ऐकले की जळगावचा माणूस पहिला विचार ठेकेदाराचा करतो. पालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ साली संपले. भाडं किती, लिलाव की नूतनीकरण, या वादात गाळेधारक आणि पालिका वर्षानुवर्षं अडकून पडले. ज्याला उद्या आपला गाळा राहील की नाही याची खात्री नाही, तो दुकानापुढे बाक कशाला ठेवू देईल?

रॉचडेलच्या टोड लेनवर एक छोटं दुकान आहे, आता ते संग्रहालय आहे. १८४४ च्या डिसेंबरात २८ कामगारांनी एकेक पौंड जमवून ते सुरू केलं. लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या. वजनात मारायचं नाही, भेसळ करायची नाही, हिशोब सगळ्यांसमोर, आणि नफा ज्याने जितकं विकत घेतलं त्याला तितका. जगातल्या सहकारी चळवळीने आपली तत्त्वं तिथून उचलली. मामा आमच्याकडे आला होता तेव्हा मी त्याला तिथे नेलं. गावी त्याने विकास सोसायटीत वीस वर्षं काम केलेलं. तो त्या लाकडी काउंटरसमोर बराच वेळ उभा राहिला, तागडीला हात लावला, आणि म्हणाला, "हिशोब सगळ्यांसमोर, हे महत्त्वाचं." परत येताना ट्राममध्ये तो गप्प होता. मग एकदम म्हणाला, गाळ्यांच्या भाड्याचा पैसा त्याच बाजारावर खर्च झाला आणि तो फळ्यावर लिहिला गेला, तर व्यापारी भाडं देतील.

मला वाटतं, आमच्या बाजाराचं काम तिथून सुरू व्हावं. बाजाराचं उत्पन्न बाजाराच्या डोळ्यांसमोर खर्च व्हावं.

आणि पहिला खर्च संडासावर. हे मी मुद्दाम मोकळेपणाने लिहितेय, कारण सुधारणेच्या चित्रांत ते कधीच नसतं आणि बाजारात जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनात तेच असतं. गेल्या वेळी मामीबरोबर दाणा बाजारात बाजरी आणि तीळ घ्यायला गेले. ती सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, बाजारात जायचं असलं की प्यायचंच नाही. तिला मधुमेह आहे, मी औषधांच्या दुकानात काम करते, आणि हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. परत येताना ती एका कापडाच्या दुकानाबाहेर रंगाच्या रिकाम्या डब्यावर टेकली. दुकानातल्या पोराने लगेच आतून स्टूल आणलं. माणसं चांगली आहेत, अजून आहेत. पण गावाने आपल्या म्हाताऱ्यांचं बसणं दुकानातल्या पोराच्या चांगुलपणावर सोडून द्यावं, हे मला पटत नाही.

चौकाचौकात बायकांसाठी संडास, बचत गटाकडे चालवायला दिलेले, पाणी आणि दिवा असलेले. रथाच्या वाटेवर दर पन्नास पावलांवर भिंतीला लागून बसायला ओटा. कारंजं नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो; तिथे रॉचडेलसारखं उघडं दगडी पटांगण केलं तर सकाळी दहानंतर त्यावर मांजरही फिरकणार नाही. इथे लोक उन्हासाठी बसतात, आपल्याकडे सावलीसाठी बसतात, एवढा साधा फरक त्या संगणकाला कळलेला नाही. निंब लावा. निंब वाढेपर्यंत बांबू आणि कापडाची सावली करा. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन झालं, तेव्हा नंदलाल बोसांनी अख्खं अधिवेशननगर बांबूने आणि तिथल्याच सामानाने सजवलं होतं. हे जळगाव जिल्ह्यातलंच उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आपला बाजार उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर जिवंत होतो आणि रात्री दहापर्यंत चालतो. त्या चार तासांसाठी रथाच्या वाटेवर गाड्या बंद ठेवून बघाव्यात. कायमच्या नको, आधी एक महिना. व्यापारी म्हणतील, गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक नव्या वस्तीतल्या दुकानांत जाईल. ही भीती खरी आहे, ड्रेक स्ट्रीटवर मी ती अनुभवलेली आहे. म्हणून गाड्या बंद करण्याआधी तळघरं मोकळी व्हायला हवीत, हातगाडीवाल्यांना ठरलेली जागा हवी, आणि खणायचं काही असेल तर ते एका गल्लीत सुरू होऊन त्याच गल्लीत संपायला हवं. जलवाहिन्यांसाठी खणलेल्या रस्त्यांची धूळ जळगावकरांनी पुष्कळ खाल्ली आहे. पुन्हा तेच झालं तर बाकांवर बसायला कुणी येणार नाही.

मनोरंजनाचं म्हणशील तर मेहरूण तलाव आहे, काव्यरत्नावली चौक आहे, भाऊंचं उद्यान आहे, आणि ते सगळं छान आहे. पण ते नव्या जळगावात आहे. मामीला तिकडे जायला रिक्षा करावी लागते. जुन्या गावातल्या पोरांना खेळायला गल्लीशिवाय काही नाही. संकुलांचे वरचे मजले रिकामे पडून आहेत. त्यातला एक मजला वाचनालयाला आणि अभ्यासिकेला द्या, गच्चीवर संध्याकाळी भजन होऊ दे, कुणाचं गाणं होऊ दे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना भाड्याच्या अभ्यासिकांत पैसे भरून बसावं लागतं, ती पोरं बाजारात आली की खालचा चहावालाही जगेल.

आणि बंद घरं. वाडा पाडून टॉवर उभारायला जसं कर्ज मिळतं, तसं वाडा दुरुस्त करून त्यात राहायला मिळायला हवं. भाडेकरूला परत तिथेच खोली मिळेल, हे आधी कागदावर, मग काम. रॉचडेलच्या त्या बाईने खिडकीबद्दल विचारलेलं मी विसरू शकत नाही. मामाच्या शेजारच्या बंद घरात मागे एक गवंडी कुटुंब भाड्याने राहतं, चार माणसं, एक खोली. बाजार सुधारला की पहिला धक्का त्यांना बसेल. त्यांचं नाव कुठल्याही आराखड्यात नाही.

एवढं लिहून मी भाच्याला पाठवलं. त्याने रात्री दीडला, म्हणजे त्याच्याकडच्या दीडला, उत्तर दिलं, "आत्या, पण हे चित्रात काढता येत नाही." मग थोड्या वेळाने, "काढून बघतो."

चार दिवसांनी त्याचा फोटो आला. संगणकाचं चित्र नव्हतं. तो आणि त्याचे दोन मित्र सकाळी टेप घेऊन रथ चौक ते घाणेकर चौक चालत गेले होते, आणि वहीच्या पानावर पेनाने गल्ली काढली होती. कुठे किती रुंद, कुठे ओटा, कुठे झाड, कुठे बंद घर, कुठे तळघराचं दार आणि त्यापुढे काय ठेवलंय. झाडं त्यांना मिळाली सहा. सार्वजनिक बाक एकही नाही. मामीचा ओटा त्यांनी लाल पेनाने काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, "इथे बसता येतं."

कार्तिकीला मी येतेय. मामीशी ठरलंय की रथ निघायच्या आधी, सकाळी सहाला, गल्ली मोकळी असेल तेव्हा आम्ही दोघी ती वाट पूर्ण चालणार. जिथे जिथे तिचे गुडघे थांबा म्हणतील तिथे भाचा त्याच्या कागदावर खूण करणार आहे.